एमटीबीला (माउंटन बाइकला) किती मिमीचा रोटर? आधी मोजा, मग मागवा

"ब्रेक कमी लागतो, म्हणून २०३ मिमीचा रोटर मागवला. आता तो बसतच नाही." ठाणे-नवी मुंबईतल्या सायकलवाल्यांकडे हे वाक्य दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकू येते. चूक आकडा निवडण्यात क्वचितच असते. ती क्रमात असते. रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चाकावरची पोलादी चकती, आधी विकत घेतला जातो, मग अ‍ॅडॉप्टर (ब्रेक रोटरच्या मापाच्या उंचीवर बसवणारा जोडतुकडा) शोधला जातो, आणि फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाची) मर्यादा सगळ्यात शेवटी लक्षात येते. हा क्रम नेमका उलटा हवा, आणि पुढचे टप्पे त्या उलट्या क्रमानेच दिले आहेत. टप्पा गाळून पुढे जाऊ नका, विशेषतः पहिला.

## टप्पा १: दोष खरोखर रोटरच्या आकाराचा आहे का?

मोठ्या रोटरची मागणी घेऊन येणाऱ्या बऱ्याच सायकलींना मोठा रोटर लागतच नाही. त्यांचे पॅड (रोटरला दोन्हीकडून दाबणारे घर्षणाचे तुकडे) तेलकट झालेले असतात. म्हणून खर्च करण्याआधी चार गोष्टी बघा.

पॅडची जाडी: पॅड बाहेर काढा. शिमानोच्या पॅडवर घर्षणाचा थर ०.५ मिमी उरला की पॅड संपला. स्रामच्या पॅडची पत्र्यासकट जाडी ३ मिमीच्या खाली गेली की बदलायची वेळ झाली.

पॅडचा पृष्ठभाग: आरशासारखा चकचकीत असेल तर तो भाजून काचेसारखा झाला आहे. सपाट जागी पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड हलक्या हाताने घासा, थर मंद आणि खरखरीत दिसेपर्यंत. काळपट ओले डाग असतील तर ते तेल आहे. तेल प्यालेला पॅड घासून किंवा गॅसवर भाजून फार काळ चालत नाही. सरळ बदला.

लिव्हर: दाबल्यावर स्पंजसारखा लागत असेल, किंवा दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल, तर पाइपात हवा आहे. ब्लीडिंग (ती हवा काढणे) लागेल. रोटर मोठा केला तरी लिव्हर तसाच राहील.

केबलवाले डिस्क ब्रेक असतील तर आतली तार आणि बाहेरचे आवरण दोन्ही नवे टाका. पावसाळ्यात आवरणात गंज धरतो आणि हाताचा निम्मा जोर तिथेच मुरतो. अशा बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) एकच पॅड सरकतो, दुसरा जागीच असतो. त्या स्थिर पॅडचे अंतर आतल्या बाजूच्या स्क्रूने जवळ आणा. रोटरला जेमतेम न लागेल इतके.

सावधान: दुचाकी धुण्याच्या सेंटरवर सायकल देऊ नका. धुऊन झाल्यावर चकाकीसाठी तिथे डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारतात. तो रोटरवर बसला की पॅड गेले म्हणून समजा. चेनवर स्प्रे मारतानाही मागच्या रोटरवर फडके झाका.

हे सगळे नीट करून आठवडाभर चालवल्यावरही ब्रेक अपुरा वाटला, तरच दुसऱ्या टप्प्याकडे वळा.

## टप्पा २: मोठा रोटर नेमके काय देतो

रोटरचा व्यास वाढला की पॅडची पकड चाकाच्या मध्यापासून लांब जाते, म्हणजे तरफ लांब होते. हातात तेवढाच जोर ठेवून १६० वरून १८० वर गेलात तर ब्रेकचा जोर सुमारे १२.५ टक्के वाढतो. १८० वरून २०३ वर गेल्यास साधारण १३ टक्के, आणि १६० वरून थेट २०३ वर गेल्यास साधारण २७ टक्के. म्हणजे दुप्पट वगैरे काही होत नाही.

चाकाचा आकारही इथे धरा. २९ इंची चाक २७.५ इंचीपेक्षा मोठे असल्याने त्याच रोटरवर ब्रेक सुमारे ५ टक्के कमी लागतो. मित्राच्या २७.५ इंची सायकलला १६० पुरतो म्हणून तुमच्या २९ इंचीला पुरेलच असे नाही.

दुसरा फायदा उष्णतेचा, आणि उतारावर तोच जास्त महत्त्वाचा. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो वजन १०० मीटर खाली उतरले की सुमारे ९८ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एक लीटर पाणी २३ अंशांनी तापवायला एवढी ऊर्जा लागते. थोडी हवेच्या विरोधात जाते, पण हळू उतरताना बहुतेक सगळी त्या दोन पातळ चकत्यांमध्ये शिरते. मोठ्या रोटरमध्ये पोलाद जास्त आणि वाऱ्याला उघडा भागही जास्त, म्हणून तो उशिरा तापतो आणि लवकर निवतो.

तोटेही आहेत. मोठा रोटर लवकर वाकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या सायकलचे पेडल घुसले, किंवा गाडीच्या डिकीत चाक आडवे टाकून वर सामान ठेवले, की १६० चा रोटर सहन करतो आणि २०३ चा लहरू लागतो. शिवाय तो जमिनीच्या जास्त जवळ असतो, म्हणजे दगडालाही जवळ.

## टप्पा ३: फोर्क आणि फ्रेमची मर्यादा शोधा

इथे घाई करणाऱ्यांचे पैसे जातात.

३.१ कमाल आकार. प्रत्येक फोर्कला रोटरची कमाल मर्यादा असते, आणि ती निर्मात्याच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. फोर्कच्या पायावर किंवा मागच्या बाजूला मॉडेलचे नाव किंवा अनुक्रमांक असतो, त्यावरून शोधा. स्वस्त कॉइल (स्प्रिंगच्या) फोर्कवर बऱ्याचदा १८० च्या पुढे परवानगी नसते. मोठा रोटर फोर्कच्या डाव्या पायावर जास्त पिळ देतो. ती ताकद सोसायला पाय बनवलेला नसेल, तर ब्रेक चांगला लागला तरी माउंटजवळ, म्हणजे कॅलिपर बोल्टने बसतो त्या जागी, चीर पडू शकते. "बसतो ना, मग झाले" हे गणित इथे चालत नाही.

३.२ माउंट कोणता. बोल्ट कुठल्या दिशेने जातात ते बघा. चाकाच्या धुरीला समांतर, आडवे जात असतील आणि भोकांमध्ये ५१ मिमी अंतर असेल, तर तो आयएस माउंट. बोल्ट चाकाच्या पातळीत जात असतील आणि अंतर ७४ मिमी असेल, तर पोस्ट माउंट. आजच्या बहुतेक फोर्कवर पोस्ट माउंट असतो. फ्रेमच्या मागच्या बाजूला मात्र आयएस अजून सर्रास दिसतो. म्हणून पुढे पोस्ट आहे तर मागेही पोस्टच असेल, असे धरून चालू नका.

३.३ पोस्ट माउंटचा मूळ आकार. अ‍ॅडॉप्टरशिवाय कॅलिपर थेट बसवल्यास कोणता रोटर चालतो, तो मूळ आकार. काही फोर्क १६० चे असतात, काही १८० चे, आणि जाड नळ्यांचे काही थेट २०३ चे. डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. सध्या सायकलवर असलेल्या रोटरचा आकार वाचा आणि कॅलिपरखाली अ‍ॅडॉप्टर आहे का ते बघा. १६० चा रोटर आणि खाली काहीच नाही, तर मूळ आकार १६०. १८० चा रोटर आणि खाली सुमारे १० मिमी उंचीचा अ‍ॅडॉप्टर, तरीही मूळ आकार १६०.

३.४ फ्रेममध्ये जागा. मागच्या नळीपर्यंत किती जागा आहे, ते जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापून बघा. १८० मिमीसाठी ९ सेंमी त्रिज्येची, २०३ साठी १०.१५ सेंमीची. हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) रोटर काढून तिथे चकती धरा आणि चाक फ्रेममध्ये बसवा. नळीपासून २-३ मिमी मोकळे राहायला हवे, कारण जोरात ब्रेक लावल्यावर फ्रेम थोडी वाकते.

तपासा: पुढे जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. पुढचा माउंट आणि मूळ आकार, मागचा माउंट आणि मूळ आकार, दोन्हीकडची कमाल मर्यादा, आणि सध्याच्या रोटरचे आकार. दुकानात जाताना हा कागद खिशात असू द्या.

## टप्पा ४: आकडा ठरवा

आता वजन आणि रस्ता. वजन म्हणजे स्वार, सायकल, पाठीवरची बॅग आणि पाण्याच्या बाटल्या मिळून.

एकूण वजन ८० किलोच्या आत आणि चालवणे मुख्यतः घोडबंदर रोड, पाम बीच, सर्व्हिस रोड अशा सपाटीवर असेल, तर पुढे-मागे १६०-१६० पुरते. बदलायची गरज नाही. पैसे चांगल्या पॅडवर घाला.

८० ते १०० किलो आणि आठवड्याला येऊर, पारसिक हिल किंवा खारघर हिल होत असेल, तर पुढे १८०, मागे १६०. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक एमटीबीसाठी हीच जोडी योग्य. हे उतार फार लांब नाहीत, पण वळणे आहेत, सकाळी चालायला आलेली माणसे आहेत, मधेच कुत्री आडवी येतात. इथे रोटर तापण्यापेक्षा एका बोटाने झटकन वेग कमी होणे जास्त कामाचे असते.

१०० किलोच्या वर असाल, किंवा सामान लादून माळशेज उतरून मुरबाडकडे येण्यासारखे लांब घाट करत असाल, तर १८०-१८०. फोर्कची परवानगी असेल तर पुढे २०३, मागे १८०. इलेक्ट्रिक एमटीबीला ही २०३-१८० ची जोडीच किमान धरा.

पुढचा रोटर मागच्याएवढा किंवा त्याहून मोठाच हवा. ब्रेक लावताना वजन पुढे सरकते, त्यामुळे खरे थांबवण्याचे काम पुढचा ब्रेक करतो. मागे मोठा आणि पुढे लहान अशी उलटी जोडी बसवली, तर मागचे चाक सारखे लॉक होऊन घसरते आणि सायकल थांबायला मात्र वेळ लागतो. एकच रोटर बदलायचे बजेट असेल, तर पुढचा बदला.

एका वेळी एकच पायरी चढा. १६० वरून थेट २०३ वर गेल्यास पहिल्या आठवड्यात पुढचे चाक अनपेक्षितपणे चावते. ओल्या डांबरावर, त्यावर कडुनिंबाची पाने पडलेली असताना, तो अनुभव नको.

## टप्पा ५: खरेदी, आणि इथले चार सापळे

पहिला सापळा, २०० आणि २०३. स्रामचा मोठा रोटर २०० मिमीचा, शिमानोचा २०३ चा. त्रिज्येत फरक फक्त १.५ मिमी, पण तो पुरेसा नडतो. २०० च्या अ‍ॅडॉप्टरवर २०३ चा रोटर बसवला तर कड कॅलिपरच्या आत घासते. २०३ च्या अ‍ॅडॉप्टरवर २०० चा बसवला तर पॅडचा वरचा १.५ मिमी भाग रोटरच्या बाहेर राहतो. तो झिजत नाही, त्याची कड तयार होते, आणि काही महिन्यांनी दोन्ही पॅडच्या कडा एकमेकींना टेकून ब्रेक मरतो. ज्या आकाराचा रोटर, त्याच आकाराचा अ‍ॅडॉप्टर.

दुसरा सापळा, अ‍ॅडॉप्टरवरची अक्षरे. शिमानोच्या अ‍ॅडॉप्टरवर एफ१८०पी/पी२ असे लिहिलेले असते. एफ म्हणजे पुढचा, आर म्हणजे मागचा. आकडा रोटरचा. तिरप्या रेघेआधीचे अक्षर कॅलिपरचे, नंतरचे फोर्क किंवा फ्रेमचे. पी म्हणजे पोस्ट, एस म्हणजे आयएस. मात्र मूळ आकार त्यात धरलेला असतो. एफ२०३पी/पी हा मूळ १६० च्या फोर्कसाठी आहे. मूळ १८० च्या फोर्कवर तो बसवला तर कॅलिपर एक सेंमी जास्त वर जाईल. म्हणूनच ३.३ मधला आकडा हवा. आयएसमध्ये आणखी एक गंमत आहे: पुढे १८० साठी बनलेला अ‍ॅडॉप्टर मागे लावला तर तो १६० चा होतो. म्हणून त्यावर दोन-दोन आकडे दिसले तर छपाईची चूक समजू नका.

तिसरा सापळा, हब. रोटर सहा बोल्टचा की सेंटरलॉक (मध्ये एकाच लॉकरिंगने आवळला जाणारा), ते हब ठरवतो. सेंटरलॉक हबवर अ‍ॅडॉप्टर घालून सहा बोल्टचा रोटर बसवता येतो. उलटे जमत नाही.

चौथा सापळा, पॅड आणि रोटरची जोडी. शिमानोच्या स्वस्त रोटरवर इंग्रजीत 'रेझिन पॅड ओन्ली', म्हणजे फक्त रेझिनचे पॅड वापरा, असे लिहिलेले असते. त्यांचे पोलाद मऊ असते. पावसात टिकतात म्हणून मेटल पॅड टाकले, तर रोटर झपाट्याने झिजतो. रोटर बदलतच आहात तर मेटल पॅड चालणारा घ्या. आपल्याकडच्या चिखलात रेझिन पॅड एका पावसाळ्यात संपू शकतात.

जाडीही जुळवा. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी जाड असतो आणि १.५ मिमीला बाद होतो. काही कंपन्यांचे रोटर २ मिमी किंवा त्याहून जाड असतात. जुन्या अरुंद कॅलिपरमध्ये ते दोन्ही बाजूंनी घासतात.

## टप्पा ६: बसवणे

हाताशी ठेवा: टी२५ टॉर्क्स, ५ मिमी एलन-की, टॉर्क रेंच, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धुतलेले सुती फडके, पांढरा कागद. सेंटरलॉकसाठी लॉकरिंगचा पाना.

१. चाक काढा आणि लगेच पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात.

२. जुना रोटर काढताना सहाही बोल्ट आधी अर्धा-अर्धा फेरा सैल करा. एकच बोल्ट पूर्ण काढत गेलात तर शेवटचा अडकतो आणि टॉर्क्सचे डोके फिरते. अडकलाच तर पाना नीट आत बसवून वरून हातोडीचा हलका ठोका द्या, मग फिरवा.

३. नवा रोटर हाताळताना कडेला धरा. फिरण्याच्या दिशेचा बाण पुढे जाणाऱ्या चाकाशी जुळवा. बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने, समोरासमोर आवळा. शिमानोचा टॉर्क २ ते ४ न्यूटन मीटर, स्रामचा सुमारे ६. सेंटरलॉकच्या लॉकरिंगला ४० लागतो, म्हणजे हाताने कसून आवळणे पुरत नाही. जुने बोल्ट परत वापरत असाल तर निळे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

४. अ‍ॅडॉप्टर त्याच्यासोबत आलेल्या बोल्टनेच बसवा. जुने बोल्ट लांबीला वेगळे असतात. आखूड बोल्ट फोर्कच्या मऊ धातूतले आटे उपटतो. लांब बोल्ट तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि अ‍ॅडॉप्टर सैल राहतो. निदान ९-१० मिमी आटे आत जायला हवेत. शिमानोसाठी टॉर्क ६ ते ८ न्यूटन मीटर.

५. रोटर आणि हात अल्कोहोलने पुसा, मग चाक बसवा. नवे पॅड टाकत असाल तर पिस्टन आधी प्लास्टिकच्या पट्टीने मागे ढकला, स्क्रूड्रायव्हरने नाही.

६. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करा. लिव्हर घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आलटून पालटून थोडे-थोडे आवळा. लिव्हर सोडा. कॅलिपरखाली पांढरा कागद धरून वरून बघा. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी रेघ दिसायला हवी.

तपासा: पॅडची वरची कड रोटरच्या काठाबाहेर नाही ना? खालची कड रोटरच्या काड्यांवर येत नाही ना? चाक फिरवा. एकाच जागी 'खस्' असा आवाज आला तर रोटर किंचित वाकलेला आहे. त्या जागी स्वच्छ पान्याने अगदी हलका दाब देऊन सरळ करा. सारखा आवाज येत असेल तर कॅलिपर तिरका आहे, पायरी सहा पुन्हा करा.

सावधान: क्विक रिलीजचा दांडा पूर्ण उघडून रोटरकडे फिरवून बघा. रोटर मोठा झाला की पूर्वी न लागणारा दांडा आता त्याच्या छिद्रात अडकू शकतो. अडकत असेल तर दांडा उजव्या बाजूला घ्या.

## टप्पा ७: पॅड बसवून घेणे

नव्या रोटरवर ब्रेक पहिल्या दिवशी वाईट लागतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. पॅडचा पातळ थर रोटरवर चढल्याशिवाय पकड येत नाही. हा टप्पा गाळला की कर्कश आवाज आणि कमी पकड कायमची मागे लागते.

रविवारी सकाळी रिकामा सर्व्हिस रोड किंवा मोठ्या सोसायटीचा आतला रस्ता गाठा. पाम बीच नको, तिथे गाड्यांचा वेग फार असतो. साधारण २० किमी वेगावरून फक्त पुढचा ब्रेक लावत चालण्याच्या वेगावर या. पूर्ण थांबू नका, चाक लॉक करू नका. असे २० वेळा. मग थोड्या जास्त वेगावरून, जास्त जोराने १० वेळा. नंतर मागच्या ब्रेकचे तेच. मध्ये रोटर निवू द्या. बोट लावून बघायचा मोह आवरा, कातडी चिकटेल इतका तो तापतो.

घरी आल्यावर रोटर पूर्ण थंड झाला की सगळ्या बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा, आणि ५० किमी झाल्यावर आणखी एकदा. पहिल्या काही उतारांनंतर लिव्हरमध्ये धडधड जाणवली तर रोटरचे बोल्ट सैल झालेत का ते आधी बघा. लांब उतारानंतर थोडा वेळ 'चिंग-चिंग' आवाज आला आणि रोटर निवल्यावर तो थांबला, तर ते तापून फुगलेले पोलाद आहे. थंड झाल्यावरही आवाज राहिला, तर टप्पा ६ मधल्या पायरी सहाकडे परत जा.